ध्यानाआधीची पाच मिनिटं

सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी यजमानाच्या हातावर पळीभर पाणी घालतात, आचमन होतं आणि लगेच ते म्हणतात, "आता प्राणायाम करा." यजमान नाकाला हात लावल्यासारखं करतात, तोवर गुरुजी संकल्पाला लागलेले असतात. मुंजीनंतर मुलाला शिकवली जाते त्या संध्येतही क्रम हाच: आधी आचमन, मग प्राणायाम, मग संकल्प. गायत्रीचा जप येतो तो या सगळ्यानंतर. ज्यांनी ही रचना केली त्यांनी श्वासाची जागा ठरवून टाकली होती. मन एका ठिकाणी बसवायचं तर त्याच्या आधी श्वास बसवायचा. आपण तो क्रम जपला, पण त्यातलं काम तेवढं गळून पडलं.

हे सांगायचं कारण असं, की चेंबूरमध्ये सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसांच्या तोंडून एक प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकते. डायमंड गार्डनच्या बाकांवर ऐकते, सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या घालून चालणाऱ्या योगवर्गात ऐकते. "ध्यान रोज करतो हो, पण प्राणायाम कधी करायचा? आधी की नंतर? सकाळी की झोपताना? आणि पहिल्याच दिवसापासून की थोडं थांबून?" विचारणाऱ्यांनी ध्यान एकीकडे शिकलेलं असतं आणि प्राणायाम दुसरीकडे. कुणी इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात दहा दिवस राहून आलेलं असतं, कुणाला आईकडून नामजपाची सवय मिळालेली असते, कुणाच्या मोबाइलवर ध्यानाचं ॲप असतं. प्राणायाम मात्र बहुतेकांनी टीव्हीसमोर बसून उचललेला असतो. दोन्ही गोष्टी चांगल्या, फक्त त्यांची सांगड कशी घालायची हे कुणी बसून सांगितलेलं नसतं.

माझं उत्तर सरळ आहे. प्राणायाम ध्यानाच्या आधी करावा, थोडाच करावा, करून झाला की सोडून द्यावा आणि मग ध्यानाला बसावं. आणि बैठक स्थिर व्हायच्या आत त्याला हात घालू नये.

पतंजलींचा क्रम बहुतेकांना पाठ असतो. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. या क्रमात प्राणायाम चौथा आहे आणि ध्यान सातवं. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या योगसूत्रांच्या साधनपादात आहे. प्राणायामाचं फळ सांगताना पतंजली आयुष्य वाढेल, रोग जातील असं काही म्हणत नाहीत. प्रकाशावरचं आवरण क्षीण होतं आणि मन धारणेला लायक होतं, एवढंच ते म्हणतात. म्हणजे त्यांच्या लेखी हा अभ्यास पुढच्या पायरीसाठी आहे. ध्यान आटोपल्यावर उरलेल्या वेळात उरकायची ही गोष्ट नाही. आणि प्राणायाम कधी, तर आसन साधल्यावर, हेही त्यांनी तिथंच सांगून ठेवलं आहे.

ही अट आपण विसरतो. नवा माणूस पहिल्या दिवशी मांडी घालतो आणि पाच मिनिटांत त्याचा गुडघा ठणकायला लागतो, पाठीला पोक येतं. पोक आलं की बरगड्या मिटतात आणि पोट दाबलं जातं. छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला खाली सरकायला जागाच उरत नाही. मग श्वास ओढायचा कुठून? तर खांदे उचलून आणि मानेच्या शिरा ताणून. असा श्वास जितका "दीर्घ" घ्यावा तितकं अंग ताठरतं, आणि ते ताठरलेलं अंग घेऊन माणूस ध्यानाला बसतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे फक्त बसायला शिका. वेळ एक ठेवा, जागा एक ठेवा, दहा मिनिटं पुरेत. मांडी जमत नसेल तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकू द्या, पाठ मात्र सरळ हवी. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, इतकं कळत राहिलं तरी खूप झालं. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार तर याहून कडक होते. त्यांच्या पद्धतीत नवा विद्यार्थी आधी छातीखाली घडी केलेलं ब्लँकेट घेऊन आडवा पडून श्वास ओळखायला शिकतो. बसून करायचा प्राणायाम फार पुढे येतो.

आता योगवर्गातला एखाद्याचा हात जवळून पाहा. अनुलोम-विलोम चाललेलं असतं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुमडलेलं, अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका आणि करंगळी डावीवर. इथवर सगळं बरोबर. पण अंगठा इतका जोरात रोवलेला असतो की नाकाचा शेंडा एका बाजूला वाकलेला दिसतो. कोपर खांद्याच्या रेषेत वर उचललेलं, मान एका बाजूला कललेली, कपाळावर आठ्या. मिनिटभरात हात भरून येतो, मग डोकं हाताकडे झुकतं. शिकवणारी बाई चांगली असेल तर ती मागून येते आणि काही न बोलता त्याचं कोपर खाली आणून छातीशी टेकवते. अंगठ्याला म्हणते, "नुसता टेकव, दाबू नकोस." नाकपुडी बंद व्हायला फुलाच्या पाकळीइतका भार पुरतो. त्या एका दुरुस्तीनं चेहरा सैल पडतो, आणि श्वास आपोआप लांबतो. मला वाटतं, प्राणायामाचा अर्धा अभ्यास हा असला अनावश्यक जोर काढून टाकण्याचाच आहे.

श्वासानं मन का निवतं, याला शरीरात आधार आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर सोडताना किंचित मंदावतात. कुणीही मनगटावर बोट ठेवून हे पडताळू शकतं. श्वास सोडण्याचा काळ लांबवला की मंदावण्याचा काळही लांबतो, आणि शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या मज्जासंस्थेचं काम वाढतं. लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योग प्रयोगशाळेत तपासायला घेतला आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. प्राणायाम म्हणजे जास्त प्राणवायू ओढणं ही समजूत त्यांना मान्य नव्हती, मज्जासंस्थेवर होणारा संस्कार त्यांना मोलाचा वाटत होता. त्यांचं म्हणणं आजही पटतं. निरोगी माणसाच्या धमन्यांमधलं रक्त साध्या श्वासातच प्राणवायूनं जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं, त्यात आणखी भरायला जागा नसते. 2001 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक छोटा, पण फार बोलका अभ्यास छापून आला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि बौद्धांचा 'ॐ मणिपद्मे हुं' हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येत होता, आणि त्या गतीला हृदयाची आणि रक्तदाबाची लय एकमेकींशी जुळत होती. आपल्या परंपरेत दिवसाचे श्वास 21,600 मानले आहेत, म्हणजे मिनिटाला पंधरा. पंधरावरून सहा-सातवर यायला नवशिक्याला पाच मिनिटं पुरतात. त्या पाच मिनिटांनंतर ध्यानाला बसणं आणि बिछान्यातून उठून मोबाइल पाहून थेट ध्यानाला बसणं, यातला फरक आठवडाभरात ज्याचा त्याला कळतो.

या पाच मिनिटांत करायचं काय? पहिल्या दोन मिनिटांत दोन्ही नाकपुड्यांनी संथ श्वास, घेताना मनात तीन अंक आणि सोडताना सहा. तीन-सहा जड जात असेल तर तीन-चार. मग अनुलोम-विलोमाची सहा-सात आवर्तनं, हलक्या हातानं. बस्स. श्वास कोंडून धरणं, म्हणजे कुंभक, नवशिक्यानं करू नये. जुन्या ग्रंथांमधलं एकास चार आणि दोन हे प्रमाण ऐकून अनेकांना मोह होतो, पण ते समोर गुरू बसलेला असताना करायचं काम आहे. 'हठयोगप्रदीपिके'त स्वात्मारामांनी दिवसातून चार वेळा, ऐंशी-ऐंशी कुंभकांपर्यंत जायला सांगितलंय खरं. पण तिथंच हळूहळू हा शब्द आहे, आणि त्याच अध्यायात चुकीच्या अभ्यासानं उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी, कानाचं आणि डोळ्याचं दुखणं जडतं अशी ताकीदही आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे धीरानं माणसाळवतात तसा वायू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असं म्हणणारा ग्रंथ घाईला परवानगी देत नाही.

कपालभातीबद्दलही बोलायला हवं, कारण चेंबूरमध्ये काय नि बोरिवलीत काय, प्राणायाम म्हटलं की लोक आधी पोट हलवायला लागतात. ग्रंथांच्या हिशेबात ती शुद्धिक्रिया आहे, धौती-नेतीच्या रांगेतली. प्राणायामांच्या यादीत ती नाही. अंगात तरतरी आणायला ती चांगली, मन निवायला नाही. करायचीच तर सगळ्यात आधी, ध्यानाच्या बरीच आधी. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्सचा त्रास असेल, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा बाई गरोदर असेल, तर कपालभातीच्या वाटेला जाऊच नये.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पुढच्या टप्प्यावर. अनुलोम-विलोम संपतं, माणूस हात मांडीवर ठेवतो, डोळे मिटून ध्यानाला लागतो, पण आतून श्वासाला हाकणं चालूच राहतं. तीन, सहा. तीन, सहा. ध्यानात श्वासाचा मालक व्हायचं नसतं, त्याला पाहायचं असतं. सत्यनारायण गोयंका गुरुजींनी भारतातलं आपलं पहिलं विपश्यना शिबिर 1969 साली मुंबईतच घेतलं. त्या मार्गात आनापानाच्या पहिल्या साडेतीन दिवसांत साधकाला एकच काम असतं, नैसर्गिक श्वास जसा आहे तसा जाणणं. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. श्वास मुद्दाम घडवायला तिथं मनाई आहे. काहींना वाटतं, म्हणजे प्राणायाम आणि हे परस्परविरोधी आहे. तसं नाही. एका वेळी एकच काम, एवढंच त्या मनाईचं म्हणणं आहे. मात्र शिबिरात असाल तर शिबिराचा नियम पाळा, तिथं आपलं मिश्रण करू नका. घरी प्राणायाम संपला की दोन मिनिटं नुसतं थांबा. अंकमोजणी सोडा. श्वास आपला आपण वाहायला लागू द्या. पूर्वीपेक्षा तो आखूड झाला तरी होऊ द्या. मग ध्यान सुरू करा, ते नामाचं असो, मूर्तीचं असो की श्वासाचं.

वेळ कोणती, तर सकाळ. पोट साफ झालेलं, तोंड धुतलेलं, जमलं तर आंघोळ झालेली, आणि पोट रिकामं. अय्यंगारांनी जेवण आणि प्राणायाम यांत सहा तासांचं अंतर सांगितलं आहे, पण रिकाम्या पोटी राहवत नसेल तर कपभर चहा-दुधाला त्यांची ना नव्हती. हे मला फार माणुसकीचं वाटतं. साडेपाचला उठून डबे करणाऱ्या बाईला चहाशिवाय प्राणायाम सांगणं म्हणजे तो न सांगण्यासारखंच आहे. तिनं कुकर लावायच्या आधी ही पाच मिनिटं काढावीत. नंतर काढते म्हटलं की ती दिवसभर निघत नाहीत.

संध्याकाळी करू नये का? करावं, पण कोणता अभ्यास ते पाहून. हार्बर लोकलच्या गर्दीतून आठ वाजता घरी आलेल्या माणसाला लांब श्वास सोडणं किंवा हलकी भ्रामरी उतारा म्हणून उत्तम, जेवणाच्या आधी. भस्त्रिका किंवा कपालभाती रात्री केली तर झोप उडते.

आता हवेची गोष्ट. ती चेंबूरकरानं टाळू नये. घेरंडसंहितेत योगारंभासाठी ऋतू सांगितले आहेत, वसंत आणि शरद. हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा या ऋतूंत आरंभ केला तर रोग होतो, असं तिथं म्हटलं आहे. जागेबद्दलही सांगितलं आहे. दूर देशात, अरण्यात, राजधानीत, माणसांच्या गर्दीत योगारंभ करू नये. आम्ही राहतो राजधानीत, आणि गर्दीत. शिवाय एका बाजूला माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, जवळच खतांचा कारखाना, दुसरीकडे देवनारचं डंपिंग ग्राउंड, मधून हायवे, आणि आता गल्लोगल्ली पुनर्विकासाची खोदकामं. 2020 साली राष्ट्रीय हरित लवादानं माहुल-आंबापाडा परिसरातल्या हवेच्या प्रदूषणासाठी चार कंपन्यांना मिळून 286 कोटी रुपये भरपाई भरायला सांगितली. चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणतात ते उगाच नाही.

तरीही मुंबईनं योग दूर लोटला नाही, हेही खरं. नर्मदाकाठच्या मालसर इथल्या परमहंस माधवदासांचे दोन शिष्य, कुवलयानंद आणि श्री योगेंद्र. योगेंद्रजींनी 1918 साली वर्सोव्याच्या किनाऱ्यावर 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली, ती पुढे सांताक्रूझला आली. कुवलयानंदांचं केंद्र मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं. दोघांनीही नोकरी-धंदा करणाऱ्या, लोकलनं येणाऱ्या-जाणाऱ्या गृहस्थाला समोर ठेवलं. ग्रंथातली राजधानीची मनाई त्यांनी शब्दशः घेतली नाही, तिच्यामागचा हेतू घेतला: हवा स्वच्छ असावी, मन त्रासू नये.

तोच हेतू धरून चेंबूरचं वेळापत्रक थोडं वेगळं लावावं लागेल, असं माझं मत आहे. पावसाळ्यात समुद्रावरून येणारा वारा आणि सरी मिळून इथली हवा वर्षभरातली सर्वांत स्वच्छ करतात. त्यामुळे बैठकीची सवय श्रावणातच लावून घ्यावी, आणि नवरात्राच्या सुमारास, शरदात, त्याला श्वासाची पाच मिनिटं जोडावीत. दिवाळीपासून पुढे मात्र सावध राहावं. थंडीत पहाटे वारा पडतो, जमिनीलगतची गार हवा वर जात नाही आणि धूळ-धूर खालीच साचून राहतो. ऊन वर आल्यावर तो हळूहळू पांगतो. म्हणजे ज्या ब्राह्ममुहूर्ताचं इतकं कौतुक, त्याच वेळी थंडीत इथली हवा पुष्कळदा वाईट असते. ध्यान पहाटेच करा, त्याला हवेची अडचण नाही. संथ श्वासही घरात, रस्त्याकडची खिडकी लावून करता येतो. विश्रांतीत माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, आणि संथ प्राणायामात ती फारशी वाढत नाही. भस्त्रिकेत मात्र ती कितीतरी पट वाढते, आणि नाकातले केस अडवू शकत नाहीत ते बारीक कण तितकेच जास्त खोल जातात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत धुरकं असेल त्या दिवशी बागेत बसून जोरजोरानं भस्त्रिका करू नये. हवेचा निर्देशांक मोबाइलवर मिळतो, पाऊस पाहतो तसा तोही पाहावा. आणि कुठून उग्र वास यायला लागला की त्या दिवशी श्वासाचा अभ्यास सोडावा, नुसतं बसावं.

दम्याच्या रुग्णांनी, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये. चक्कर आली, कानात दडे बसले, छातीत धडधडलं, डोकं जड झालं, तर तिथंच थांबून साधा श्वास घ्यावा. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं तर शिकवणाऱ्याला दाखवावं. आणि ध्यानात कुणाकुणाला दडपलेल्या आठवणी वर येऊन घाबरं होतं, त्यांनी श्वासावर जोर देऊन ती दाबायला जाऊ नये. डोळे उघडावेत, उठून पाणी प्यावं, कुणाशी तरी बोलावं.

राहिला प्रश्न वेळ कमी असण्याचा. तो मुंबईत रोजचाच आहे. दहाच मिनिटं हाताशी असतील तर तीन मिनिटं श्वासाला द्या आणि सात ध्यानाला. पाचच असतील तर अनुलोम-विलोम सोडा, दहा लांब श्वास सोडा आणि उरलेला वेळ शांत बसा. एखाद्या दिवशी प्राणायाम चुकला तर चालेल, बैठक चुकवू नका.